सैतानाशी सौदा : सही एकाची, किंमत दुसऱ्याची! डिस्कोच्या काळातली दोन मराठी संगीतनाटकं यवतमाळात पुन्हा का व्हायला हवीत?

‘दोन मिनिटांत कर्ज. कागदपत्रं नकोत, जामीनदार नको.’ ही जाहिरात तुमच्या मोबाइलवर या आठवड्यात एकदा तरी आली असेल. खाली हिरवं बटण असतं आणि बटणाच्या वर बारीक अक्षरांत ‘मला अटी मान्य आहेत’ असं लिहिलेलं असतं. त्या अटी कुणी वाचत नाही. वाचायला बसलं तर दोन मिनिटांत कर्ज मिळणारच नाही.

घाईत करून घेतलेल्या या सहीची गोष्ट जगात किमान चारशे वर्षं रंगमंचावर चालू आहे. त्यात एक माणूस अडलेला असतो, दुसरा त्याला हवं ते द्यायला तयार असतो आणि मधे एक कागद असतो. युरोपात या दुसऱ्या माणसाला सैतान म्हणतात. १९७० ते १९८५ च्या दरम्यान, म्हणजे डिस्कोच्या दिवसांत, हाच सैतान गाऊ-नाचू लागला. त्याच काळात मराठी रंगभूमीनंही हा सौदा संगीतातून मांडला, आणि माझ्या मते युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त खरा मांडला.

ही नाटकं यवतमाळ जिल्ह्यात आज पुन्हा का व्हायला हवीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

मूळ गोष्ट काय आहे?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फाउस्ट नावाचा एक भटका जादूगार-ज्योतिषी होऊन गेला. त्याच्याविषयी अनेक दंतकथा पसरल्या. १५८७ साली फ्रँकफर्टमध्ये त्याच्यावरचं एक पुस्तक छापलं गेलं. विद्वान फाउस्ट सैतानाच्या दूताशी, मेफिस्टोफिलीसशी करार करतो, अशी त्याची गोष्ट. २४ वर्षं हवं ते ज्ञान आणि सुख मिळेल, मुदत संपली की आत्मा सैतानाचा. सही रक्तानं करायची.

इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मार्लोनं यावर नाटक लिहिलं. पुढे जर्मन महाकवी गटेनं जवळजवळ आयुष्यभर या विषयावर काम केलं. त्याच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग १८०८ साली आला, दुसरा १८३२ मध्ये. गटेनं गोष्टीत एक महत्त्वाची भर घातली ती ग्रेटशेन या तरुण मुलीची. फाउस्टला ती हवी असते आणि सैतान ती मिळवून देतो. पण त्यात मुलीची आई जाते, भाऊ जातो, बाळ जातं आणि शेवटी ती स्वतः तुरुंगात मरणाची वाट पाहत बसते. करारावर तिची सही नव्हती, पण पहिली वसुली तिच्याकडून झाली.

या लेखात पुढे येणाऱ्या प्रत्येक गोष्टीत ही ग्रेटशेन वेगळ्या नावानं भेटेल. तिच्याकडे लक्ष ठेवा.

डिस्कोच्या काळात सैतान कसा बदलला?

१९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’नं डिस्को जगभर नेला. तोवर संगीताचा धंदा मोठा झाला होता. स्टुडिओ, कंपनी आणि करारपत्र आलं होतं. त्यामुळे या काळातला सैतान शेपटी सोडून सूट घालू लागला आणि रेकॉर्ड कंपनीचा मालक झाला.

ब्रायन डी पाल्मा यांच्या १९७४ च्या ‘फँटम ऑफ द पॅरडाइज’ या संगीतपटात एक भोळा संगीतकार अशाच एका मालकाच्या भल्याथोरल्या करारावर रक्तानं सही करतो. १९८० साली आलेल्या ‘द ॲपल’मध्ये तर सैतानच संगीतसम्राट आहे आणि तो एका साध्या जोडप्याला झगमगाटात ओढतो. हा चित्रपट मुळात हिब्रू रंगमंचासाठी संगीतनाटक म्हणून कल्पिलेला होता. तेव्हा तो सपशेल आपटला, नंतर मात्र हौशी मंडळींनी डोक्यावर घेतला.

१९८२ साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या रंगमंचावर ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे संगीतनाटक आलं. त्यात सैतानाच्या जागी एक रोपटं आहे. फुलांच्या दुकानातल्या गरीब पोऱ्याला ते नाव, पैसा आणि प्रेम मिळवून देतं. बदल्यात त्याला रक्त लागतं, मग माणसं लागतात. नाटकाच्या शेवटी ते त्याच्या प्रेयसीलाही गिळतं. म्हणजे इथेही रोपटं वाढवलं एकानं, पण त्याच्या तोंडी दुसरीच गेली.

मराठीत हा सौदा कुणी केला?

आपल्याकडे सैतान नाही. राक्षस, वेताळ, मुंजा आहेत, पण सहीशिक्का मागणारा कुणी नाही. विजय तेंडुलकरांनी त्याला पेशवाईत शोधला.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. घाशीराम कनोजहून पुण्यात पोटासाठी येतो. तिथे त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार खाऊन त्याला शहराबाहेर हाकललं जातं. तो सूड घ्यायची शपथ घेतो. सूडासाठी सत्ता हवी आणि सत्ता नानांकडे आहे. नानांना हवी आहे त्याची मुलगी, ललितागौरी. घाशीराम मुलगी देतो आणि पुण्याची कोतवाली घेतो.

ज्या शहरानं त्याला चोर ठरवलं, त्या शहराला तो आता छळ छळ छळतो. गौरी मात्र मरते. घाशीराम चवताळून नानांकडे जातो. नाना त्याला शांत करतात आणि पुन्हा कामाला लावतात. लोकांचा राग फारच वाढल्यावर त्याच नानांच्या हुकमानं घाशीराम जमावाच्या हाती दिला जातो. नानांच्या अंगावर साधा ओरखडाही येत नाही.

फाउस्टच्या गोष्टीत सैतान निदान करार पाळतो. तेंडुलकरांचा नाना २४ वर्षांची हमीसुद्धा देत नाही. उपयोग संपला की तो माणूस बदलतो. ‘मराठी फाउस्ट’ असं कुणी म्हटलं नसलं तरी सौद्याचं हे आपलं सर्वांत नेमकं नाटक आहे, असं मला वाटतं. गौरी हीच आपली ग्रेटशेन.

नाटकानं वादळ उठवलं. नानांची बदनामी आणि ब्राह्मणविरोध असे आरोप झाले. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं. तरुण कलावंत बाहेर पडले, त्यांनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली विरोधाला तोंड देत ते युरोपात गेलं. संस्था टिकवायची की नाटक, हाही एक सौदाच होता. त्या मुलांनी नाटक निवडलं.

मग डिस्को कुठे आला?

१९७८ मध्ये. याच थिएटर ॲकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ १९२८ साली बर्लिनमध्ये गाजलं होतं. त्याचं मूळ त्याच्याही दोनशे वर्षं आधीचं, १७२८ सालचं जॉन गे यांचं इंग्रजी नाटक. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठी मातीत आणलं आणि जब्बार पटेलांनी बसवलं.

नायक अंकुशची भूमिका नंदू भेंडे या रॉक गायकानं केली. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. अलेक पदमसींनी १९७४ साली मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक बसवलं, त्यात नंदूनं ज्यूडास केला होता. चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला विकणारा तो ज्यूडास. तोच पुढे पुलंचा अंकुश झाला. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्येही त्याचा आवाज आहे. नाट्यसंगीताची तान, लावणीचा ठेका आणि नंदूचा पाश्चात्त्य बीट एकाच प्रयोगात मराठी प्रेक्षकानं ऐकला.

या नाटकात सैतान एक नाही, सगळेच थोडेथोडे सैतान आहेत. गुंडाची पोलीस अधिकाऱ्याशी दोस्ती आणि वाटणी आहे. भिकाऱ्यांचा ठेकेदार भीक मागण्याचा परवाना देतो आणि कमाईतला हिस्सा घेतो. फाशीची वेळ आल्यावर वरून माफीचा हुकूम येतो. सौदा हा अपवाद उरत नाही, व्यवस्थेचा रोजचा व्यवहार होतो. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात एक चक्कर मारली की हे नाटक कळायला अवघड जात नाही.

संगीताचं काम नेमकं काय?

हा विषय गंभीर आहे, मग गाणी कशाला, असं कुणी विचारेल. पण गाणी हाच इथला मुद्दा आहे. ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची रांग डोलत, गात मंचावर भिंत होऊन उभी राहते. त्या भिंतीमागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि आपण मात्र ठेका धरलेला असतो. भजनाच्या आड सौदा होतो. नंतर लक्षात येतं की आपणही त्यात सामील होतो.

इंजिनीअरिंगला असताना आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. झुल्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिलं तर छोट्या जोरातूनही मोठा झोका तयार होतो. ठेका हेच करतो. डिस्कोचा ठेका मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा असतो. तो सलग चालतो आणि मधे श्वास घ्यायला जागा देत नाही. थांबलात तर तुम्ही नाचाबाहेर. ‘ऑफर संपायला १० मिनिटं बाकी’ असं दाखवणारं मोबाइलवरचं उलटं घड्याळ त्याच घराण्यातलं आहे. विचार करायला वेळ मिळू न देणं, हे दोघांचंही कसब.

फरक एवढाच की चांगलं नाटक ठेका मधेच तोडतं. दिवे लागतात, सूत्रधार पुढे येतो आणि तुम्ही कशावर डोलत होता ते दाखवतो. ॲप ते कधीच करणार नाही.

यवतमाळचा संबंध काय?

‘डिस्को डान्सर’नंतर चार वर्षांनी, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. घटना वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ दत्तपूरला घडली. साहेबराव गावाचे अनेक वर्षं सरपंच होते, भजनात रमणारे होते. विजेचं बिल थकलं, वीज तोडली गेली, उभं पीक वाळलं. महाराष्ट्रातली जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून अनेकजण अन्नत्याग करतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कर्जदार शेतकरी म्हणजे फाउस्ट नव्हे. फाउस्टला सगळं होतं, त्याला आणखी हवं होतं. मृगाच्या तोंडावर बियाणं-खतासाठी हात पसरणाऱ्या माणसाला आणखी काही नको असतं, फक्त पेरणी करायची असते. बँकेचं पीककर्ज थकलेलं असलं की नवं मिळत नाही. मग कृषी केंद्राची उधारी, त्यानंतर गावातला सावकार. ‘कशाला सही केली?’ हा प्रश्न फाउस्टला विचारता येतो. ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता त्याला विचारणं क्रूरपणा आहे.

युरोपातली गोष्ट इथे तोकडी पडते, कारण ती सगळा दोष सही करणाऱ्याच्या लोभावर टाकते. आपली दोन्ही नाटकं दोष कुठे असतो ते दाखवतात. सही करून घेणारा, त्याला परवाना देणारा आणि भिंत होऊन गाणारे, असे तिघेही त्यात आहेत.

सौद्याचं गणित कसं चालतं?

गावात व्याज टक्क्यांत सांगत नाहीत, ‘शेकडा पाच’ म्हणतात. ऐकायला हलकं वाटतं. पण ते महिन्याचं असतं. १०,००० रुपये घेतले तर वर्षाला सरळ हिशेबानं ६,००० रुपये व्याज, म्हणजे ६० टक्के. दर महिन्याचं व्याज मुद्दलात चढवत गेलं तर वर्षाअखेर देणं जवळपास १७,९६० रुपये होतं.

आता ॲपचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेत. ५,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. ‘प्रक्रिया शुल्क’ कापून हातात ३,५०० आले. सात दिवसांनी ५,००० फेडायचे. म्हणजे ३,५०० रुपयांवर एका आठवड्यात १,५०० रुपये, जवळपास ४३ टक्के. वर्षाच्या हिशेबात हे २,२०० टक्क्यांच्या वर जातं. शेकडा पाचवाला सावकार याच्यापुढे संत वाटेल.

आणि फेडायला उशीर झाला तर? बेकायदा ॲपवाले तुमच्या मोबाइलमधली नावं-नंबरांची यादी आधीच घेऊन बसलेले असतात. फोन जातो बहिणीला, सासऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबांना. विकृत केलेले फोटो पाठवले जातात. करार तुमचा असतो, अब्रू घरच्यांची जाते. गौरीची गोष्ट इथेही संपलेली नाही.

कायद्यात पळवाट कुणासाठी आहे?

या वेळी ती कर्जदारासाठी आहे. वापरली मात्र फार कमी जाते.

जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, असा तो नियम. आज राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. कर्जापोटी सावकारानं शेत लिहून घेतलं असेल, कागदावर ते साधं खरेदीखत दिसत असलं तरी, कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार मागच्या १५ वर्षांतला हवा. तो सावकारीतूनच झाला हे चौकशीत ठरलं तर जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश निघू शकतो.

ॲपसाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यायला हवी. ॲपला तुमची संपर्कयादी, कॉल नोंदी, फोटो-फाइल्स उघडता येत नाहीत. ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करून बाहेर पडता येतं. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, ते सांगणारं ‘मुख्य तथ्य विवरण’ सहीआधी द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांच्या किरकोळ कर्जांना लागू असलेल्या नियमानुसार हे विवरण कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल तर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

म्हणजे ठेका तोडायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. तो मागायचा असतो, हे कुणी सांगत नाही.

ज्यांनी किंमत मोजली त्या कुठे आहेत?

या सगळ्या नाटकांत एक उणीव आहे. ग्रेटशेनला, गौरीला, त्या फुलांच्या दुकानातल्या प्रेयसीला शेवटचा शब्द मिळत नाही. त्या मरतात आणि गोष्ट पुरुषांची राहते.

ही उणीव विदर्भानं भरून काढली. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः रंगमंचावर आल्या. मागे राहिलेल्या बाईचं काय होतं, ते त्यांनीच सांगितलं. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. त्या दिवशी पाहुणे जेवून जातात आणि चौदाव्या दिवसापासून वसुलीवाले येतात. सही नवऱ्याची होती, सातबारा अनेकदा सासऱ्यांच्या नावावर, आणि दारात उभी ती.

त्यातल्या एक वैशाली येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. विरोधाच्या इशाऱ्यांनंतर ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. गडबड नको म्हणून एका लेखिकेचा शब्द द्यायचा आणि शांतता घ्यायची, असा तोही सौदाच झाला. अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. मग उद्घाटन वैशालीताईंच्या हस्ते झालं. साहित्याच्या सर्वांत मोठ्या मंचावर त्या दिवशी, ज्या बाईला गोष्टीत कधी संवादच नसतो, ती पहिली बोलली.

तो क्षण मोठा होता. पण आपण त्याचं पुढे काय केलं? टाळ्या वाजवल्या, बातम्या केल्या, मंडप उतरवला.

मग आता काय करायचं?

‘नाटकानं कर्ज फिटतं का?’ असा आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. फिटत नाही. हमीभाव, सिंचन, वेळेवर पीककर्ज याला पर्याय नाही. त्याची मागणी याच पानांवर होत राहील. पण कायदा दहा वर्षांहून जुना असताना खरेदीखत करून जमीन गमावलेल्या माणसाला कलम १८ माहीत नसेल, तर तो प्रश्न माहितीचा आहे. आणि लाज वाटते म्हणून तो कुणाला विचारतच नसेल, तर तो प्रश्न एकटेपणाचा आहे. एकटेपणावर रंगमंचासारखं औषध नाही. चारशे माणसं एकत्र बसून आपलीच गोष्ट बघतात तेव्हा ‘हे फक्त माझ्याच बाबतीत झालं’ ही भावना गळून पडते.

म्हणून तीन मागण्या.

पहिली, महाविद्यालयांसाठी आणि हौशी नाट्यसंस्थांसाठी. ‘घाशीराम’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ यांचे प्रयोग यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा इथे होऊ द्या. रीतसर परवानगी घ्या आणि जमेल तसं बसवा. या जिल्ह्यात दंडारीची परंपरा आहे, ढोलावर रात्र जागवणारे गट आहेत. ठेका पुण्याहून आणायची गरज नाही.

दुसरी, गणेश मंडळांसाठी. दहा दिवसांतला एक तास लाउडस्पीकरवरच्या बीटऐवजी कर्ज-ॲपवरच्या पथनाट्याला द्या. बारीक अक्षरांतल्या अटी एका पात्रानं मोठ्यांदा वाचून दाखवल्या तरी पुष्कळ आहे. त्या अटी ऐकणं हाच मोठा विनोद असेल आणि मोठी भीतीही.

तिसरी, प्रशासनासाठी. परवानाधारक सावकारांची यादी सहायक निबंधक कार्यालयाच्या भिंतीवर आहे, ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. शेजारी कलम १८ चा अर्ज कसा करायचा, ते चार ओळींत साध्या मराठीत लिहा. बँकांनी ‘मुख्य तथ्य विवरण’ मराठीत दिलं का, याची तपासणी करा.

बटण दाबण्याआधी पाच प्रश्न

१. हातात प्रत्यक्ष किती येणार आणि एकूण किती फेडायचे? दर टक्क्यांत नको, रुपयांत सांगा म्हणा.

२. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती? ॲपचं नाव म्हणजे कर्ज देणाऱ्याचं नाव नव्हे.

३. ॲप संपर्कयादी किंवा फोटो उघडायची परवानगी मागतंय का? मागत असेल तर तिथेच थांबा.

४. सावकार कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या मुद्रांकावर किंवा खरेदीखतावर सही मागतोय का? ‘नुसतं नावापुरतं’ असं काही नसतं.

५. घरात कुणाला सांगितलंय का? कारण वसुली आली तर ती त्यांच्याकडेही येणार आहे.

ऑनलाइन फसवणूक किंवा धमकी आली तर सायबर मदत क्रमांक १९३० वर लगेच तक्रार करा. बेकायदा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मराठीत बोलता येतं.

फाउस्टच्या कथेत मुदत संपते त्या रात्री तो एकटा असतो आणि घड्याळाचे ठोके मोजतो. त्याचे विद्यार्थी शेजारच्याच खोलीत असतात. त्यांना आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच कळत नाही. यवतमाळात ती शेजारची खोली म्हणजे आपण सगळे आहोत. तिचं दार उघडं ठेवणं आपल्या हातात आहे.